कडा कापण्याआधी

एकशे त्रेचाळीस.
पेन ड्राइव्ह आणला तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून,
पिशवीला मासळीचा वास.
एदुविना मान्सिया, सॅल्मन कापणे व भरणे, रात्रपाळी,
मी फॉर्मवर उतरवून घेतलं.
कसे काढले, असाही रकाना आहे,
तर तिनं माझ्या रिकाम्या टेबलावर दोन बोटं टेकवली,
एक खाली डावीकडे, एक वर उजवीकडे,
चादर उडू नये म्हणून दोन टोकं दाबावीत तशी.

कंपनीच्या पानावर तास दिसतात.
शनिवारी अकरा असतात, ते सोमवारी नऊ.
कुणी काही बोलत नाही, आकडा नुसता झिजतो
साबणाच्या वडीसारखा.
म्हणून पाळीवरून आली की आधी हे,
मुलाच्या शाळेच्या लॅपटॉपवर.
मग चहा.

मला बघायचा होता एकच रकाना,
उजवीकडून तिसरा.
पण कडा कापता येत नाहीत तिला.
सगळी स्क्रीनच येते, फाइलीला नाव मशीननं दिलेलं,
काप्तुरा, म्हणजे पकडलं,
आणि पुढे अनुक्रमांक.

कोपऱ्यात घड्याळ. सहा बावन्न, सहा अठ्ठेचाळीस, एकदा आठ दहा.
त्या सकाळी वारा असा होता
की पुन्ता अरेनासच्या चौकात माणसांना धरायला दोर बांधले होते,
मीही धरला होता.
बॅटरी सहा टक्के.
तापमान उणे दोन.
वर, उघड्या राहिलेल्या पानांची नुसती टोकं:
कास्त्रोच्या बसचं भाडं,
जुना हीटर, चालू स्थितीत,
बोटं बधिर का होतात,
ज्वालामुखी, इयत्ता सहावी,
पुन्हा बोटं.
बुद्धिबळाचा एक डाव अकरा दिवस तसाच, काळ्याची खेळी बाकी.
एकदा चुकून नुसता डेस्कटॉप,
सामुद्रधुनीच्या काठावर ओला कुत्रा
आणि त्याच्या कानावर कचऱ्याचा डबा.
आकडा मात्र प्रत्येक चित्रात निळा.
माऊस ओढून आधी तो धरून ठेवलेला,
मगच बटण.

एक्क्याण्णव नंबरला बहिणीची खिडकी उघडी राहिलीय.
तू झोपतेस कधी गं?
खाली उत्तराच्या चौकटीत एकच शब्द,
मी
आणि पुढे ती उभी रेघ, लुकलुकताना पकडलेली.
ब्याण्णवमध्ये खिडकी नाही.

कंपनीचे वकील बराओना म्हणाले,
चित्रांचं काय, बाई, हल्ली कुणीही बनवतं.
खरंय. आकडा बनवता येतो.
पण उणे दोन कोण बनवेल,
जे हवामान खात्याच्या नोंदीतही उणे दोनच आहे?
खोटं बोलणारा माणूस
काळ्याचा घोडा अकरा दिवस अडकवून ठेवत नाही.

नियम मात्र असा, की खाजगी मजकूर कापून सादर करावा.
कापला, तर उरतो आकडा,
पोरका, कुणाच्याही नावावर खपेल असा.
नाही कापला, तर बराओना चष्मा पुसून वाचणार
बोटांबद्दल.
जूनमध्ये आमच्याकडे दहाला उजाडतं.
उजाडेपर्यंत मी कात्रीच्या चिन्हावर बोट ठेवून बसले.

मग फोन केला. मुलानं उचलला, आई झोपलीय म्हणाला,
तरी ती आलीच.
ठेवा सगळं, म्हणाली. हीटर, बोटं, सगळं.
लाज त्यांना वाटू दे.
एक्क्याण्णव तेवढं नको.

मी सांगितलं,
सगळ्यात जास्त त्याच रात्रीचे गेलेत. साडेतीन तास.
पलीकडे किटली वाजायला लागली होती.
ती बंद करायला कुणी उठलं नाही.
माहीत आहे, म्हणाली.

एकशे बेचाळीस, असं मी पुरवणीवर लिहिलं,
आणि त्या रात्रीचे साडेतीन तास
हिशोबातून वजा केले.
दुसऱ्यांदा.